अमेरिकी निवडणूक: पुण्याने तेलाकडे नव्हे, आयातशुल्काकडे पाहावे

पुणे, ४ नोव्हेंबर २०२४

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उद्या, मंगळवारी, अमेरिकेत अध्यक्षपदासाठी मतदान आहे. दिवाळीची सुट्टी संपता संपता आपल्याकडच्या चर्चांमध्ये एक गृहीतक पक्के होऊन बसलेले दिसते. ट्रम्प आले तर तेल स्वस्त, हॅरिस आल्या तर तेल महाग. आणि आयातशुल्काचे बोलणे ही प्रचारसभेतली नुसती आरोळी. माझे म्हणणे नेमके उलट आहे. तेलाबद्दलची बहुतेक आश्वासने पुरी करणे अध्यक्षांच्या हातातच नाही, आणि आयातशुल्क मात्र जवळजवळ त्यांच्या सहीवर चालते. भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यातून अमेरिकेला माल पाठवणाऱ्यांनी पहिल्या गोष्टीची चर्चा कमी आणि दुसरीची तयारी जास्त करावी, म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी पेट्रोलचा हिशेब. एका पिंपात ४२ अमेरिकी गॅलन, म्हणजे साधारण १५९ लिटर. कच्चे तेल ७० डॉलर पिंप धरले तर गॅलनमागे नुसत्या कच्च्या तेलाचे १ डॉलर ६७ सेंट होतात. अमेरिकेत पंपावरचा सरासरी भाव सध्या ३ डॉलर १० सेंटच्या आसपास आहे. उरलेले १ डॉलर ४३ सेंट शुद्धीकरण, वाहतूक, पंपवाल्याचा वाटा आणि कर यांचे. ट्रम्प यांनी १२ महिन्यांत ऊर्जेचे भाव निम्म्यावर आणण्याचे आश्वासन दिले आहे. ३.१०चे निम्मे १.५५. बाकीचे खर्च जागच्या जागी राहिले तर कच्च्या तेलाच्या वाट्याला गॅलनमागे १२ सेंट उरतात, म्हणजे पिंपाला ५ डॉलर. निम्म्याचे सोडा, भाव २ डॉलरवर आणायचा म्हटले तरी पिंप २४ डॉलरला मिळायला हवे.

या भावाला तेल काढणार कोण? डॅलसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने यंदाच्या मार्चमध्ये तेल कंपन्यांची जी पाहणी केली, तिच्यात नवी विहीर परवडण्यासाठी सरासरी ६४ डॉलर भाव लागतो असे उत्तर आले. भाव त्याखाली गेला की रिग, म्हणजे विहिरी खणणारे मनोरे, बंद पडून राहतात, कामगार घरी जातात आणि सहा-आठ महिन्यांत उत्पादन उतरू लागते. एप्रिल २०२० मध्ये भाव खरोखरच कोसळला होता. २० एप्रिलला अमेरिकी तेलाचा वायदा उणे ३७ डॉलर ६३ सेंटवर बंद झाला. पण ते कुणाच्या धोरणाने नव्हे, टाळेबंदीत गाड्या आणि विमाने थांबल्याने. पुढच्या काही महिन्यांत कितीतरी तेल कंपन्यांनी दिवाळखोरीचे अर्ज केले.

शेल, म्हणजे घट्ट खडकात अडकलेल्या, तेलाची विहीर कशी चालते हे एकदा नीट पाहिले म्हणजे ट्रम्प यांच्या ‘खणा, खणा’ या घोषणेचे वजन कळते. दोन-तीन किलोमीटर सरळ खाली जायचे, तिथून भोक आडवे वळवून आणखी तीन किलोमीटरपर्यंत न्यायचे. त्या आडव्या नळीला टप्प्याटप्प्याने छिद्रे पाडायची आणि प्रचंड दाबाने पाणी, वाळू आणि थोडी रसायने आत सोडायची. पाण्याने खडकाला भेगा पडतात आणि वाळूचे कण त्या भेगा मिटू देत नाहीत. पहिले काही महिने तेल जोरात येते, वर्षभरात ते निम्म्याच्याही बरेच खाली घसरते. त्यामुळे उत्पादन आहे तिथे ठेवायलासुद्धा सतत नव्या विहिरी लागतात, आणि त्यांचा पैसा सरकार देत नाही, भागधारक देतात. २०१४ नंतरच्या मंदीत या भागधारकांचे हात चांगलेच पोळले आहेत. आज ते कंपनीला सांगतात की आधी लाभांश द्या, मग विहिरी खणा. अमेरिकेत ऑक्टोबर २०१४ मध्ये तेलाच्या १६००हून अधिक रिग चालू होत्या, आज ४८०च्या आसपास आहेत. तरीही यंदा ऑगस्टमध्ये दिवसाला १ कोटी ३४ लाख पिंपांचा विक्रम झाला, कारण आडवी नळी लांबली आणि एकाच जागेवरून अनेक विहिरी काढता येऊ लागल्या.

हा विक्रम बायडेन यांच्या कारकिर्दीत झाला म्हणून त्याचे श्रेय डेमोक्रॅटिक पक्षाने घ्यावे, हेही मला पटत नाही. जो भाव वाढल्याचा दोष अध्यक्षांचा नाही, त्याच बाजारातल्या उत्पादनाचे श्रेयही त्यांचे नाही. आपल्याकडे जमिनीखालचे तेल सरकारचे असते. अमेरिकेत खासगी जमिनीखालच्या खनिजाचा हक्क खासगी मालकाकडे असू शकतो, आणि टेक्सासमधले बहुतेक शेल अशाच जमिनींत किंवा राज्याच्या जमिनींत आहे. केंद्राच्या जमिनी आणि केंद्राचा समुद्र मिळून देशाच्या तेलाचा साधारण पाव हिस्सा येतो. अध्यक्षांचा परवाना लागतो तो या पाव हिश्शालाच. बायडेन सरकारने २०२४ ते २०२९ या काळासाठी समुद्रातले फक्त तीन लिलाव ठेवले, आजवरच्या कोणत्याही कार्यक्रमात इतके कमी नव्हते. त्यावरची टीका रास्त आहे. पण आज लिलाव झाला तरी तेल यायला वर्षे लागतात. अलास्कातल्या ‘विलो’ प्रकल्पाला याच बायडेन सरकारने मार्च २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिथले पहिले तेल २०२९ मध्ये अपेक्षित आहे. उद्या जो निवडून येईल त्याची मुदत तोवर संपलेली असेल.

मग तेलात अध्यक्षांच्या हातात काय असते? निर्बंध. आपल्या दृष्टीने हाच भाग महत्त्वाचा, आणि नेमका तोच चर्चेत मागे पडतो. ट्रम्प यांनी ८ मे २०१८ रोजी इराण करारातून अंग काढून घेतले. भारताला मिळालेली सवलत २ मे २०१९ रोजी संपली आणि इराणी तेलाची आपली खरेदी शून्यावर आली. ते तेल ६० दिवसांच्या उधारीवर मिळत होते, पैशाचा काही भाग रुपयांत चुकता होत होता. संसदेत मतदान नाही, नवा कायदा नाही, एका सहीने तो पुरवठा बंद झाला. आज आपण विकत घेतो त्या दर तीन पिंपांमागे एकाहून अधिक रशियाचे आहे, आणि रशियन तेलावरची पाश्चात्त्य देशांची ६० डॉलरची किंमतमर्यादा डिसेंबर २०२२ पासून लागू असली तरी वॉशिंग्टनने ती आजवर भारताला फारशी जाचू दिलेली नाही. पुढचा अध्यक्ष ती कशी राबवतो, इराणवरचा फास किती आवळतो, युक्रेनबाबत कोणता सौदा करतो, यावर आपल्या तेलाचे बिल ठरेल. टेक्सासमध्ये किती रिग चालतात यावर नाही.

दुसरे साधन राखीव साठ्याचे. टेक्सास आणि लुइझियाना इथल्या मिठाच्या भूगर्भातल्या पोकळ्यांत ७१ कोटी ४० लाख पिंपे मावतात. २०२२ मध्ये पंपावरचा भाव ४ डॉलरच्या वर गेला तेव्हा बायडेन यांनी त्यातून १८ कोटी पिंपे बाहेर काढायचे जाहीर केले. भाव उतरायला त्याने थोडी मदत झाली, पण जुलै २०२३ पर्यंत साठा ३५ कोटींच्याही खाली गेला. हा बाण पुन्हा तितक्या जोराने सोडता येणार नाही.

पुण्यातल्या पंपाचे काय, असे कुणी विचारील. कच्चे तेल पिंपामागे १० डॉलरने हलले तर ८४ रुपयांच्या डॉलरने लिटरमागे साधारण सव्वापाच रुपयांचा फरक पडायला हवा. आपल्याकडे मार्चमध्ये २ रुपये कमी झाले, त्यानंतर भाव बाजाराबरोबर हललेला नाही. पुण्यात शंभरी ओलांडलेल्या लिटरमध्ये केंद्राचे १९ रुपये ९० पैसे आणि राज्याचा २५ टक्के व्हॅट अधिक ५ रुपये १२ पैसे आहेत. दोन्ही मिळून पंचेचाळीसच्या घरात जातात. अमेरिकेचा केंद्रीय कर गॅलनला १८.४ सेंट, लिटरमागे सुमारे ४ रुपये, आणि तो १९९३ पासून बदललेला नाही. पुण्याचे पेट्रोल कुणाला स्वस्त करायचे असेल तर २० नोव्हेंबरला आपल्याच मतदारसंघातल्या उमेदवारांना व्हॅटबद्दल विचारणे जास्त कामाचे आहे.

गॅसची गोष्ट मात्र थेट आपल्या किनाऱ्याला लागते. गेल या सरकारी गॅस कंपनीने अमेरिकेतून वर्षाला ५८ लाख टन द्रवरूप गॅस घेण्याचे करार केले आहेत, आणि त्या दीर्घ कराराचे पहिले जहाज मार्च २०१८ मध्ये आपल्या दाभोळलाच लागले. त्यातल्या सबाइन पास इथल्या कराराचे सूत्र असे: लुइझियानातल्या ‘हेन्री हब’ या गॅसच्या मानक केंद्राचा भाव गुणिले १.१५, अधिक ३ डॉलर ठरावीक शुल्क, आणि जहाजभाडे वेगळे (सगळे दर दहा लाख बीटीयूमागे, म्हणजे गॅसमधल्या उष्णतेच्या मापावर). हेन्री हब यंदा बराच काळ २ डॉलरच्या आसपास राहिला. २.२० धरा: २.५३ अधिक ३, म्हणजे ५ डॉलर ५३ सेंट. आता समजा हेन्री हब खरोखर निम्म्यावर आला, १.१० झाला. तर आपला भाव होतो ४.२७. मूळ भाव निम्मा होऊनही आपल्याला पाव हिश्शापेक्षा कमीच सवलत मिळते, आणि जहाजभाडे धरले तर आणखी कमी. ठरावीक शुल्क घटत नाही, भाडेही घटत नाही.

जानेवारीत बायडेन यांनी गॅस निर्यातीच्या नव्या परवान्यांना स्थगिती दिली आणि जुलैमध्ये लुइझियानातल्या केंद्रीय न्यायाधीशांनी ती रोखली. ट्रम्प आले तर परवाने भराभर सुटतील, हे खरे आहे आणि हे त्यांच्या हातातही आहे. पण परवाना मिळाल्यावर प्रकल्प उभा राहायला चार-पाच वर्षे जातात. आज जी जहाजे निघतात ती कित्येक वर्षांपूर्वीच्या परवान्यांवर, आणि त्यांच्याच बळावर अमेरिका २०२३ मध्ये जगातली सर्वांत मोठी गॅस निर्यातदार झाली. केंद्राने गेल्याच महिन्यात शहरी गॅस कंपन्यांचा स्वस्त देशी गॅसचा कोटा घटवला, त्यामुळे पुण्याच्या सीएनजीत आयात गॅसचा वाटा वाढणार आहे. त्यावर उतारा वॉशिंग्टनमध्ये नाही. दाभोळची लाटारोधक भिंत अपुरी असल्याने पावसाळ्यात वर्षानुवर्षे तिथे जहाजे लागत नव्हती, हा आपल्या घरचा प्रश्न होता आणि तो आपणच रेंगाळू दिला.

पेनसिल्व्हेनियाबद्दल सध्या फार बोलले जाते, कारण अध्यक्ष निवडणाऱ्या मंडळातली तिथली १९ मते निर्णायक ठरू शकतात आणि टेक्सासखालोखाल सर्वाधिक नैसर्गिक गॅस तिथेच निघतो. हॅरिस यांनी २०१९ मध्ये फ्रॅकिंगवर, म्हणजे वर सांगितलेल्या पाण्याच्या दाबाने खडक फोडण्याच्या पद्धतीवर, बंदी हवी असे म्हटले होते, यंदा ती भूमिका त्यांनी सोडली. मतदारांनी त्यावर संशय घ्यावा की नाही, हा त्यांचा प्रश्न. पण खासगी जमिनीवरचे फ्रॅकिंग अध्यक्ष स्वतःहून बंद करूच शकत नाहीत. २००५च्या ऊर्जा कायद्याने ते पिण्याच्या पाण्याच्या संरक्षण कायद्यातून बहुतांशी वगळले आहे आणि नियमन राज्यांकडे आहे. दोन्ही पक्ष हे जाणतात आणि तरीही त्यावर मते मागतात, याचे मला वाईट वाटते.

त्याच पेनसिल्व्हेनियात विजेचे बिल वाढणार आहे, कोणीही जिंको. पेनसिल्व्हेनियासह १३ राज्यांचे ग्रिड चालवणाऱ्या पीजेएम या संस्थेने जुलैमध्ये २०२५-२६साठी क्षमतेचा, म्हणजे गरजेच्या वेळी वीज द्यायला केंद्रे सज्ज ठेवण्याचा, लिलाव केला. आधीच्या वर्षी दिवसाला मेगावॉटमागे २८ डॉलर ९२ सेंट असलेला भाव २६९ डॉलर ९२ सेंटवर गेला. जुनी कोळशाची केंद्रे बंद होत आहेत, नवी केंद्रे जोडणीच्या रांगेत अडकली आहेत आणि डेटा सेंटरची मागणी फुगते आहे. आपल्याकडे महावितरणचे दर जसे राज्य वीज नियामक आयोगापुढे ठरतात, तसे तिथेही राज्यांचे आयोग आहेत. अध्यक्षांचे त्यांच्यापुढे काही चालत नाही.

करांची आश्वासने मी थोडक्यात आटोपतो, कारण ती सगळी तिथल्या संसदेच्या दारात उभी आहेत. कंपनीकर आज २१ टक्के आहे. हॅरिस यांना २८ हवा आहे, ट्रम्प यांना देशात माल बनवणाऱ्यांसाठी १५. वैयक्तिक करातल्या २०१७च्या सवलती २०२५ अखेर संपतात, त्यामुळे पुढच्या वर्षी कर विधेयक येणारच. ऑगस्ट २०२२च्या कायद्यातल्या स्वच्छ ऊर्जेच्या सवलती रद्द करायच्या तर तेही संसदेतच व्हावे लागेल. सौर पॅनेल तिथेच बनवले तर वॉटमागे ७ सेंट, बॅटरीच्या सेलला किलोवॉट-तासामागे ३५ डॉलर अशा त्या सवलती आहेत. कारखाने बरेचसे रिपब्लिकन मतदारसंघांत उभे राहत आहेत, म्हणूनच त्या पक्षाच्या १८ खासदारांनी ऑगस्टमध्ये सभापतींना पत्र लिहून सरसकट रद्द करू नका असे सांगितले. भारतातून निर्यात होणारी जवळजवळ सगळी सौर पॅनेल अमेरिकेतच जातात. या धंद्यातल्यांनी अध्यक्षपदापेक्षा सिनेटच्या निकालाकडे पाहावे. वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो आणि मोंटाना या तीन जागा आज डेमोक्रॅटिक गटाकडे आहेत, आणि त्या गटाचे बहुमत फक्त ५१ विरुद्ध ४९ आहे.

व्याजदर तर दोघांच्याही हातात नाही. महागाई जून २०२२ मधल्या ९.१ टक्क्यांवरून सप्टेंबरमध्ये २.४ वर आली. फेडरल रिझर्व्हने १८ सप्टेंबरला अर्धा टक्का कपात केली, पुढची बैठक याच आठवड्यात ६ आणि ७ तारखेला आहे. फेडरल रिझर्व्हचे प्रमुख पॉवेल यांची त्या पदाची मुदत मे २०२६ पर्यंत आहे.

आता आयातशुल्क. ट्रम्प यांचा प्रस्ताव सगळ्या आयातीवर १० ते २० टक्के आणि चीनवर ६० टक्के असा आहे. ‘असे कुठे होते का’ म्हणून तो झटकून टाकणाऱ्यांनी २०१८ आठवावे. १९६२च्या व्यापार कायद्याचे कलम २३२ वापरून त्यांनी पोलादावर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावले. वाणिज्य खात्याची चौकशी जास्तीत जास्त २७० दिवस, मग अध्यक्षांचा निर्णय ९० दिवसांत. संसदेची परवानगी लागत नाही. जानेवारी २०२० मध्ये तेच शुल्क खिळे, तारा आणि मोटारींच्या बंपरच्या प्रेस केलेल्या भागांपर्यंत ताणले. आपला सुट्या भागांचा उद्योग किती जवळ येऊन थांबला होता हे यावरून कळावे. ५ जून २०१९ रोजी भारताची जीएसपी, म्हणजे विकसनशील देशांच्या मालाला मिळणारी शुल्कसवलत, काढून घेतली, तीही अध्यक्षीय घोषणेनेच. चीनवरचे शुल्क १९७४च्या कायद्यातल्या कलम ३०१खाली लावले, आणि बायडेन यांनी ते काढले नाहीच, उलट यंदा विजेच्या मोटारींवर १०० टक्के आणि सौर सेलवर ५० टक्के केले. त्याच १९७४च्या कायद्यात कलम १२२ आहे. परदेशांशी होणाऱ्या देण्याघेण्यातल्या मोठ्या तुटीचे कारण देऊन कोणतीही चौकशी न करता १५ टक्क्यांपर्यंत शुल्क १५० दिवस लावण्याची मुभा त्यात आहे. ते आजवर वापरलेले नाही, पण कायद्याच्या पुस्तकात आहे. शिवाय १९७७चा आणीबाणीचा आर्थिक अधिकारांचा कायदा आहे. मे २०१९ मध्ये त्याच्याच आधारे मेक्सिकोवर ५ टक्क्यांपासून चढत्या शुल्काची धमकी दिली गेली होती.

तेव्हा हॅरिस आल्या तर चीनवरचे शुल्क राहील आणि भारताच्या वाट्याला फार काही नवे येणार नाही, असा माझा अंदाज आहे. ट्रम्प आले तर २०२५ मध्ये भारतावर काही ना काही शुल्क येईल असे धरूनच चालावे. त्यांनी भारताला जास्त शुल्क लावणारा देश म्हणून गेल्याच महिन्यात पुन्हा नावानिशी सुनावले आहे. २०२३-२४ मध्ये आपण अमेरिकेला साडेसत्त्याहत्तर अब्ज डॉलरचा माल विकला आणि सुमारे बेचाळीस अब्जांचा घेतला. ही तफावत त्यांच्या डोळ्यांत खुपते.

शुल्क भरतो कोण? अमेरिकी कस्टम्सकडे ते अमेरिकेतला आयातदार भरतो, भारत सरकार नाही आणि कागदोपत्री भारतीय निर्यातदारही नाही. पण धंद्यात ते मागे सरकत येते. अमेरिकेत शुल्क एफओबी किमतीवर, म्हणजे माल इथल्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीवर लागते, आपल्यासारखे भाडे आणि विमा धरून नाही. १०० डॉलर एफओबीचा भाग घ्या. कस्टम्सच्या यादीत ८७०८ या शीर्षकाखाली येणाऱ्या मोटारींच्या बहुतेक सुट्या भागांवर आज अडीच टक्के किंवा शून्य शुल्क आहे. त्यावर १० टक्के वाढले तर आयातदाराचे १० डॉलर वाढतात. तो म्हणणार, निम्मे तुम्ही सोसा. तुमचा निव्वळ नफा ८ डॉलर असेल तर ३ उरले. रुपया घसरला तर थोडे सावरते, पण बाहेरून आणलेले मिश्रधातूचे पोलाद आणि टूलिंग तुम्ही डॉलरमध्येच घेता, हे विसरू नये. चीनवर ६० टक्के लागले तर ऑर्डर आपल्याकडे वळतील, ही आशा खरी आहे, पण ज्यांच्याकडे आज रिकामी क्षमता आणि ग्राहकाची मंजुरी मिळालेले नमुने तयार आहेत त्यांच्यापुरतीच. सुट्या भागाच्या नमुन्याला मंजुरी मिळायला सहा महिने ते वर्ष सहज जाते.

म्हणून या आठवड्यात कार्यालय उघडल्यावर पहिल्यांदा चालू पीओ (ग्राहकाचे खरेदी आदेश) काढून डिलिव्हरीची अट वाचा. एफओबी न्हावा शेवा असेल तर शुल्क वाढल्याच्या दिवशी पैसे ग्राहकाच्या खिशातून जातात आणि वाटाघाटीला वेळ मिळतो. डीडीपी असेल, म्हणजे शुल्क भरून माल ग्राहकाच्या दारात द्यायचा असेल, तर सगळा बोजा त्याच दिवशी तुमच्यावर. डीडीपी करणारे अनेक छोटे कारखाने स्वतःच अमेरिकेत नोंदलेले आयातदार असतात आणि त्यांनी कस्टम्स बाँड, म्हणजे शुल्क भरण्याची हमी, दिलेला असतो. हा बाँड मागच्या १२ महिन्यांत भरलेल्या शुल्क आणि करांच्या १० टक्के, किमान ५० हजार डॉलरचा असतो. शुल्क अचानक चौपट झाले की बाँड अपुरा पडतो, तशी नोटीस येते, आणि तो वाढवेपर्यंत पुढचे कंटेनर अडतात. २०१८-१९ मध्ये चीनचा माल आणणाऱ्यांची अशीच धावपळ झाली होती. बाँडची मर्यादा किती आहे हे आपल्या अमेरिकेतल्या कस्टम्स ब्रोकरला आजच विचारून ठेवावे.

पुढची बाब वर्गीकरणाची. आपला आठ अंकी आणि अमेरिकेचा दहा अंकी कोड यांचे फक्त पहिले सहा अंक जुळतात. इनव्हॉइसवर वर्षानुवर्षे जो कोड चालत आला तो अडीच टक्क्यांच्या काळात कुणी तपासला नाही, कारण चूक झाली तरी फरक पैशांचा होता. शुल्क यादीनुसार लागू झाले की तोच कोड कारखान्याचे वर्षाचे गणित बदलू शकतो. वाहनाचा भाग आणि ‘पोलादाची इतर वस्तू’ यांतली सीमा विशेषतः तपासावी. मूळ देशही पाहावा: चिनी बिलेटवर (पोलादाच्या कच्च्या ठोकळ्यावर) इथे नुसते मशिनिंग केले तर तो भाग भारतीय ठरेलच असे नाही, आणि चीनवर ६० टक्के लागले तर अमेरिकी कस्टम्स हेच आधी शोधील.

नव्या करारांत एक वाक्य घालून घ्या: कराराच्या तारखेनंतर वाढलेले कोणतेही आयातशुल्क, त्याला नाव काहीही असो, कोणी किती सोसायचे. ‘नाव काहीही असो’ हे शब्द हवेतच. अतिरिक्त शुल्क, अधिभार, आणीबाणी शुल्क अशी निरनिराळी नावे निघतात आणि मग वाद होतात.

शेवटी तारखांचे पाहू. शुल्क मालाच्या जहाजाच्या तारखेवर लागते की बंदरात दाखल होण्याच्या तारखेवर, हे त्या त्या घोषणेत लिहिलेले असते. २०१८ मध्ये पोलादाला दाखल होण्याची तारीख धरली, त्यामुळे समुद्रात असलेला मालही सापडला. मे २०१९ मध्ये चीनच्या एका यादीवरचे शुल्क १० वरून २५ टक्के केले तेव्हा मात्र आधी निघालेल्या मालाला सूट मिळाली. सूट मिळेल असे धरून चालू नका. लाल समुद्र टाळून केप ऑफ गुड होपवरून जाणारी जहाजे न्हावा शेवाहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला पोचायला आज पाच ते सहा आठवडे घेतात. नवे अध्यक्ष २० जानेवारीला शपथ घेतील. त्याआधी माल उतरवून घ्यावा असे तिथल्या ग्राहकांना वाटणारच, पण मध्ये आणखी एक तारीख आहे. पूर्व आणि आखाती किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांचा संप ३ ऑक्टोबरला थांबला तो फक्त १५ जानेवारीपर्यंतच्या मुदतवाढीवर, आणि यांत्रिकीकरणाचा मुद्दा अजून सुटलेला नाही. तेव्हा ग्राहकाने आगाऊ माल मागितला तर खरी मुदत २० नव्हे, १५ जानेवारी. सहा आठवडे मागे मोजले की जहाज डिसेंबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सुटायला हवे, आणि त्यासाठी कंटेनर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बंदरात हवा.

निकाल ज्यांना पाहायचा आहे त्यांच्यासाठी: अमेरिकेची घड्याळे कालच एक तास मागे गेल्याने पूर्व किनारा आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे. बुधवारी पहाटे साडेपाचला जॉर्जियाचे मतदान संपेल, साडेसहाला पेनसिल्व्हेनियाचे, साडेसातला विस्कॉन्सिन आणि ॲरिझोनाचे. पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिनमध्ये टपाली मतांचे लिफाफे मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आत उघडताच येत नाहीत, त्यामुळे तिथली मोजणी रेंगाळू शकते. २०२० मध्ये निकाल शनिवारी स्पष्ट झाला होता. कंटेनरचे बुकिंग त्यासाठी थांबवू नये. निकाल उलटा लागला तर बुकिंग रद्द करण्याचे शुल्क परवडते, डिसेंबरात जागा मिळवण्याचे भाडे परवडणार नाही.

आपला,
निर्यात कागदपत्रांच्या कामातला एक वाचक
भोसरी, पुणे